कोणाच्या पोटात कोण

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत
टॉवेलखाली झाकलेला कॉम्प्युटर,
आणि हार्ड डिस्कमध्ये अकरा वर्षांचा तलाव :
नऊ हजार चारशे सहा फोटो,
सगळ्यांची नावं आकड्यांत.
काही तर तीन मोबाईलांमधून फिरून
तीनदा आलेले,
दर वेळी थोडे अधिक धूसर.

ढिवर बायांची संस्था म्हणाली,
दिपाली, तूच लावून दे बाई हे सारं.
मी लावायला घेतलं.
आधी खोड, मग फांदी, मग डहाळी :
तलाव › पाळ › फुटलेला भाग.
मासे › खवल्यांचे › दाडक.
मासे › बिनखवल्यांचे › शिंगूर.
वनस्पती › पाण्याखालच्या › चिला.
माणसं › बाया › आडनावानुसार.

दोन रात्री मी खूश होते.
शिंगूर लिहिलं की शिंगूरच यायचे.
खालच्याला खूण केली
की वरच्या सगळ्यांना आपोआप लागायची.
उलटं मात्र होत नव्हतं :
नुसतं 'मासे' म्हटल्यानं
कोणाचं नाव कळत नाही.

तिसऱ्या दिवशी पारबताबाई वलथरे आली,
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी.
सर्व्हर बंद.
मग ती बसली स्टुलावर,
ओढलेल्या जाळ्यात पाहावं
तशी पडद्यात पाहत.

"हे का करतेस व माय?"
म्हटलं, लावतेय. कोणाच्या पोटात कोण, ते.
ती हसली, मिसरीच्या काळ्या दातांनी.
"मंग चुकलीस ना.
मासोरीले मासोरीच्या पोटात कायले ठेवतेस?
दाडक देवधानाच्या बुडाशी अंडी घालते,
तिले तिथं ठेव.
शिंगूर गाळात.
देवधान उथळ पान्यात, उथळ पानी पाळीच्या पोटात,
अन् पाळ आमच्या डोईवरच्या घमेल्यात."
आणि बेशरम?
पाच उन्हाळे उपटलेली, जांभळ्या फुलांची,
दीडशे फोटो आहेत तिचे.
पारबताबाईनं हात झटकला.
"तिच्या पोटात कोनीच नाई रायत.
तिले एकटीच राहू दे."

मी दुसरं झाड लावलं, पहिलं न तोडता.
एक फोटो दोन झाडांवर बसू शकतो,
कॉम्प्युटरची काही हरकत नसते.

मग तिला स्वतःचा फोटो दिसला :
मे महिना, कोरडा तलाव, नांगरलेला काठ,
ओलीत वाकलेली पाठ, मुठीत चिल्याची रोपं.
"मले कोनात टाकलंस?"
माणसं, बाया, व, वलथरे.
ती बराच वेळ गप्प.
"थो तं बारा वर्सं झाले, गेला," म्हणाली.
"मले चिखलात टाक."

टाकलं.
चिखल › पारबता.
विचारलं, आणखी कोण?
तिनं बोट ठेवत ठेवत नावं सांगितली,
चेहरे दिसत नव्हते तरीही,
पाठीवरून, लुगड्याच्या काष्ट्यावरून :
सायत्रा, भिवरा, धुरपता,
ही शेवंता, डाव्या हातानं लावते ते.
काचेवर तिच्या बोटाचे ठसे उठले.
मी पुसले नाहीत लगेच.

तेवढ्यात सर्व्हर आला.
अर्ज उघडला.
वडिलांचे किंवा पतीचे नाव, लाल चांदणीसकट.
ती चौकट रिकामी ठेवली तर
पुढचं पान येत नाही.
भरलं.
दाखला निघाला, गरम, थोडा तिरपा.
तिनं चार घड्या घालून बटव्यात ठेवला
आणि कुलूप लावायच्या वेळेआधी गेली.

संध्याकाळी मी शोधलं : चिखल.
तीनशे बारा.
खाली सरकवत गेले,
पाठी, मुठी, घमेली, एक हरवलेली बांगडी,
आणि मधेच मी.
पाळीवर उभी, वही हातात,
चपला काढून दुसऱ्या हातात धरलेल्या.
घाईत सगळेच फोटो एकदम निवडले असणार,
खूण मलाही लागून गेली.

काढायला बाण नेला.
मग थांबले.
फोटो मोठा केला, आणखी मोठा,
नुसते चौकोन दिसेपर्यंत,
त्या चपलांना काही लागलंय का
ते पाहायला.